उसनं आवरण

पावसाळा सुरू झाला की महापालिकेच्या फलकांवर पाण्याबद्दल दोन सूचना झळकतात. पाणी उकळून प्या आणि पाणी साठू देऊ नका. दोन्ही एकाखाली एक लिहिलेल्या असतात, म्हणून त्या एकाच धोक्याविषयी आहेत असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात पहिली सूचना काविळीसाठी आणि जुलाबांसाठी आहे. तिथे विषाणू पिण्याच्या पाण्यातूनच पोटात जातो. दुसरी आहे डेंग्यूसाठी, आणि पाणी पिऊन कुणाला डेंग्यू होत नाही. साठलेल्या पाण्यात वाढतात त्या डासाच्या अळ्या. पिंपातलं पाणी उकळून प्यायलं काय किंवा तसंच प्यायलं काय, डेंग्यूला त्याचं सोयरसुतक नाही.

आता या दोन विषाणूंची कुंडली मांडून बघा. पावसाळी काविळीचा ई विषाणू आणि डेंग्यूचा विषाणू, दोघांचाही जनुकीय मजकूर आरएनएच्या एकेरी धाग्यावर लिहिलेला. दोघेही इतके लहान की एका मिलिमीटरच्या रेघेत वीस-तीस हजार सहज मावतील. दोघांचाही धागा पेशीत शिरला की थेट वाचला जातो आणि त्यावरून प्रथिनं तयार होऊ लागतात. कागदावर हे दोघे चुलतभाऊ वाटावेत. तरी एक गटारातून नळात आणि नळातून पोटात बिनदिक्कत प्रवास करतो, तर दुसऱ्याला डासाच्या सोंडेवाचून एका माणसातून दुसऱ्या माणसात सहसा जाता येत नाही.

या फरकाचं कारण त्यांच्या सर्वांत बाहेरच्या थरात आहे. ई विषाणू म्हणजे प्रथिनांचं बंद कवच आणि आत आरएनए, एवढाच कारभार. प्रथिनांची ही जुळणी इतकी घट्ट असते की सांडपाणी, जठरातलं आम्ल, आतड्यातले पाचकरस यांना ती पुरून उरते. १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचं सांडपाणी मिसळलेलं पाणी शहराच्या पुरवठ्यात शिरलं आणि सुमारे २९ हजार लोक काविळीने पिवळे पडले. ती ई प्रकारची कावीळ होती हे कळायला पुढे बरीच वर्षं लागली. पाणी त्या वेळी शुद्धीकरण केंद्रातून गेलेलं होतं. विषाणू तेही पार करून आला.

डेंग्यूच्या आरएनएभोवतीही प्रथिनं आहेत, पण त्यांच्याबाहेर आणखी एक थर आहे: चरबीच्या रेणूंचा दुहेरी पापुद्रा. तो विषाणू स्वतः बनवत नाही. चरबी घडवायला लागणारी जनुकंच त्याच्याकडे नसतात. आपल्याच पेशीच्या आत जे पडदे असतात, त्यांतल्या एखाद्यावर तो आधी आपली प्रथिनं खोचून ठेवतो. नंतर तिथला पडदा फुगतो, विषाणूचा आरएनए त्या फुगवट्यात शिरतो आणि फुगवटा तुटून वेगळा होतो. फ्लू आणि गोवर यांचे विषाणू पेशीचा सर्वांत बाहेरचा पडदा घेऊन बाहेर पडतात. डेंग्यूसारखे विषाणू आतल्या घडीदार पडद्यात तयार होतात. उसनं घेतलेलं हे आवरण परत करायचा प्रश्न अर्थातच येत नाही.

असं आवरण असलेल्या आरएनए विषाणूंची यादी वाचली तर सार्वजनिक आरोग्य खात्याची डोकेदुखी एका ओळीत वाचल्यासारखी वाटते. इन्फ्लुएन्झा, गोवर, गालगुंड, रुबेला, रेबीज, डेंग्यू, चिकुनगुनिया, जपानी मेंदूज्वर, पीतज्वर, झिका, सी कावीळ, एचआयव्ही, इबोला, निपाह आणि करोना. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव मिळालेला विषाणूही यातलाच. १९६५ साली तापाच्या साथीची चौकशी चालू असताना तो सापडला, वालुमाशीतून पसरतो आणि लहान मुलांच्या मेंदूवर झडप घालतो.

पाठ्यपुस्तकं विषाणूंची वर्गवारी जनुकांवरून करतात आणि शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे. पण साथ कशी पसरते हे समजून घ्यायचं असेल तर मी आधी एकच प्रश्न विचारेन: याला आवरण आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर हा विषाणू उघड्यावर फार वेळ थांबू शकणार नाही, त्याला ओल्या जागेतून ओल्या जागेतच जावं लागेल, आणि ती वाट कोणती हे शोधलं की अर्धं काम झालं.

चरबीचा पापुद्रा नाजूक असतो. तो सुकला की फाटतो, उन्हाने बिघडतो, साबणाच्या पाण्यात विरघळतो. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं आणि दुसरं चरबीत. चरबीत घुसणारं टोक पापुद्र्याची वीण उसवतं. करोनाच्या काळात वीस सेकंद हात धुवा असं का सांगत होते, त्याचं उत्तर यातच आहे. उलट नोरोव्हायरससारख्या आवरण नसलेल्या विषाणूवर हाताला चोळायच्या सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही. तिथे साबणही विषाणूला मारत नाही, फक्त हातावरून धुऊन नेतो.

आपल्या शरीरातही एक साबण आहे. यकृतात तयार होऊन पित्ताशयातून आतड्यात उतरणारं पित्त. तेलकट जेवण पचवायला ते चरबीचे थेंब फोडतं, आणि त्याच कामात विषाणूचं आवरणही फोडतं. १९५७ साली मॅक्स थायलर यांनी पित्तातल्या एका क्षाराचा प्रयोग कीटकांतून पसरणाऱ्या विषाणूंवर करून बघितला. थायलर म्हणजे पीतज्वराच्या लशीसाठी नोबेल मिळालेले संशोधक. हे विषाणू त्या क्षाराने निष्प्रभ झाले. विषाणूचे जनुक वाचायची सोय नव्हती तेव्हा एखाद्या अनोळखी विषाणूला आवरण आहे की नाही हे ठरवायला प्रयोगशाळा याच चाचणीचा किंवा ईथरचा आधार घ्यायच्या. डेंग्यू पोटातून का होत नाही, त्याचं उत्तरही या पित्तातच आहे.

निसर्गाला मात्र आपले नियम मोडायची खोड असते. ई काविळीचा विषाणू उघडा, हे वर सांगितलं; ए काविळीचाही तसाच. पण रक्तात फिरताना तेही पेशीच्या पडद्याचा तुकडा पांघरून हिंडतात, असं अलीकडच्या संशोधनात दिसलं. प्रतिपिंडांची नजर चुकवायला त्याचा उपयोग होतो. पुढे ते यकृतातून पित्तात उतरतात, पित्त ते पांघरूण उतरवून टाकतं आणि विषाणू उघडा होऊन विष्ठेतून पाण्यात जायला मोकळा होतो. एकाच विषाणूने दोन्ही पद्धतींचा लाभ घ्यावा याला चलाखी म्हणायचं की काय, हे ज्याने त्याने ठरवावं.

इतकं नाजूक असूनही आवरण इतक्या विषाणूंनी का बाळगलं? एक म्हणजे पेशी फोडून बाहेर पडण्याची घाई लागत नाही. पेशी जिवंत राहते आणि विषाणू पाझरत राहतो. दुसरं म्हणजे नव्या पेशीत शिरणं सोपं होतं. पेशीभोवतीही चरबीचाच पडदा असतो आणि चरबीचे दोन पडदे एकमेकांना भिडले की ते एकरूप होऊ शकतात. फक्त भिडवायला कुणीतरी लागतं, आणि तेवढ्यासाठी आवरणात विषाणूची स्वतःची प्रथिनं खोचलेली असतात. डेंग्यूच्या विषाणूवर अशी १८० प्रथिनं कौलारू छपरावरच्या कौलांसारखी आडवी बसवलेली असतात. पेशी विषाणूला पिशवीत घेऊन आत ओढते, पिशवीतलं आम्ल वाढतं आणि आम्ल लागताच ही कौलं उठून उभी राहतात. त्यांची टोकं पेशीच्या पडद्यात रुततात, मग प्रथिनं स्वतःवरच दुमडतात आणि दोन पडदे खेचून एकत्र आणतात. आरएनए आत सांडतो. पुढचं सगळं पेशीच करते.

म्हणजे आवरण असलेल्या विषाणूला बाहेरच्या जगात फार थोडा वेळ मिळतो आणि त्याची वाट त्याने आधीच पक्की केलेली असते. गोवर श्वासातून जातो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेतून लागण होऊ शकते, आणि आवरणवाल्यांसाठी हा मोठाच पल्ला आहे. रेबीजचा विषाणू लाळेतून थेट जखमेत उतरतो, उघड्यावर येतच नाही. सी काविळीचा विषाणू रक्तातून रक्तात जातो. दूषित सुया आणि तपासणी न झालेलं रक्त या वाटा. १९८९ साली तो ओळखला गेला आणि आज गोळ्यांच्या बारा आठवड्यांत बहुतेक रुग्णांच्या शरीरातून तो कायमचा जातो. विषाणूजन्य रोगांत अशी गोष्ट विरळाच. उरलेल्यांपैकी अनेकांनी डास, माशा आणि गोचिडी यांची पाठ धरली.

कीटकाचं पोट म्हणजे काही फुकटची गाडी नव्हे. डासाने रुग्णाचं रक्त शोषलं तर विषाणूला आधी डासाच्या आतड्याच्या पेशींत शिरावं लागतं, तिथे वाढावं लागतं, मग लाळग्रंथीपर्यंत पोचावं लागतं. याला आठ-दहा दिवस जातात. प्रत्येक डासाच्या आतड्यात प्रत्येक विषाणूला प्रवेश मिळतोच असं नाही. तो मिळतो की नाही हे आवरणावरच्या प्रथिनांवर बरंच अवलंबून असतं आणि त्यात किती बारीक फरक पुरतो, ते चिकुनगुनियाने दाखवलं.

१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली. पुण्याच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला, साथ ओसरली आणि त्यानंतर जवळजवळ बत्तीस वर्षं हा रोग भारतातून नाहीसा झाल्यासारखा होता. डॉक्टरांच्या एका पिढीने तो फक्त पुस्तकात पाहिला. २००५च्या अखेरीला तो आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात परत आला, आणि वर्षभरात देशभरातल्या संशयित रुग्णांची नोंद तेरा लाखांच्या पुढे गेली. सांधे इतके धरायचे की माणसं भिंतीला टेकूनच उठायची. जनुकं वाचली तेव्हा कळलं की हा बार्शीचा जुना विषाणू नव्हे. तो आशियाई घराण्याचा होता, हा आफ्रिकी घराण्याचा. गंमत अशी की पुणे जिल्ह्यात यवतला २००० साली पकडलेल्या डासांतून वेगळा केलेला विषाणूही याच आफ्रिकी घराण्यातला निघाला. म्हणजे साथ येण्याच्या पाच वर्षं आधी पाहुणा दारात आलेला होता.

त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर या विषाणूने हाहाकार केला. बेटाच्या लोकसंख्येतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना लागण झाली. तिथे एडिस इजिप्ती हा नेहमीचा डास फारसा नव्हता. होता तो एडिस अल्बोपिक्टस, ज्याला एशियन टायगर म्हणतात. मग विषाणू पसरला कसा? त्याच्या ई१ या आवरणातल्या प्रथिनात २२६व्या जागी ॲलानिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आलेलं होतं. हजारो अक्षरांच्या मजकुरात एक अक्षर बदललं होतं. तेवढ्या बदलाने टायगर डासाच्या आतड्यात शिरणं त्याला कितीतरी पटींनी सोपं झालं. पुढे केरळातही हाच बदल स्वतंत्रपणे झाला. तिथल्या रबराच्या मळ्यांत चीक गोळा करायच्या वाट्यांत पावसाचं पाणी साठतं आणि टायगर डासाला ते पुरतं.

आरएनएची नक्कल करणारं यंत्र चुका तपासत नाही, म्हणून असे बदल सतत होत असतात. बहुतेक निरुपयोगी असतात. (करोना विषाणूंचा मजकूर सुमारे ३० हजार अक्षरांचा, म्हणून त्यांनी मुद्रितशोधनाची थोडी सोय ठेवली आहे.) पण सगळ्याच विषाणूंना बदल सारखा झेपत नाही. फ्लूच्या आवरणावरची प्रथिनं इतकी लवचीक आहेत की जागतिक आरोग्य संघटनेला वर्षातून दोनदा लशीत कोणते वाण घ्यायचे ते नव्याने ठरवावं लागतं. शिवाय फ्लूचा आरएनए आठ तुकड्यांत असतो. दोन वाण एकाच पेशीत भेटले तर तुकड्यांची अदलाबदल होते आणि अगदी नवा विषाणू उभा राहतो. १९१८ साली मुंबई बंदरातून शिरलेल्या फ्लूने हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली.

गोवरचा विषाणूही आरएनएचा, आवरणवाला, आणि फ्लूपेक्षा कितीतरी जास्त सांसर्गिक. तरी १९५४ साली बॉस्टनमध्ये एका मुलाच्या शरीरातून वेगळ्या केलेल्या विषाणूपासून बनवलेली लस आजही तितकीच चालते. गोवरच्या आवरणावरची प्रथिनं बदलली तर ती पेशीला धरूच शकत नाहीत, असं त्यामागचं साधारण कारण. एकदा गोवर झाला की जन्मभर होत नाही, असं घरातली म्हातारी माणसं सांगत. ते म्हणणं बरोबर होतं. त्यांना जे ठाऊक नव्हतं ते असं की गोवर इतर रोगांविरुद्ध शरीराने कमावलेली स्मरणशक्तीच पुसून टाकतो, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं मूल बाकीच्या संसर्गांना सहज बळी पडतं. गुरांमधला गोवरचा जवळचा नातेवाईक म्हणजे बुळकांडी. तिचंही आवरण असंच ताठर. २०११ साली तिचं जगातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं.

आता ज्या रोगासाठी हे प्रकरण मुख्यतः लिहायला घेतलं, त्याच्याकडे येतो. पुस्तकांत त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. सिंधुदुर्गात आणि गोव्यात लोक माकडताप म्हणतात.

१९५७च्या मार्चमध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या सोराब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडायला लागली. आसपासच्या गावांत माणसांना जबर ताप येत होता. बातमी पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटरला पोचली. रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनी १९५२ साली उभी केलेली ही संस्था. १९७८ पासून तिला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी म्हणतात. टेलफर्ड वर्क आणि हॅरोल्ड ट्रॅपिडो यांच्यासह तिथली मंडळी जंगलात गेली ती धास्तावूनच. माकडं आणि माणसं एकदम मरतात हे दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराचं लक्षण. भारतात पीतज्वर कधीच नव्हता, पण तो पसरवणारा डास गावोगावी होता. पीतज्वर खरंच आला असता तर काय झालं असतं याची कल्पना न केलेली बरी.

तो पीतज्वर नव्हता. माकडांतून, माणसांतून आणि गोचिडींतून मिळालेला विषाणू नवा निघाला, आणि त्याचं सर्वांत जवळचं नातं जुळलं ते सैबेरियाच्या जंगलात गोचिडींतून पसरणाऱ्या मेंदूज्वराशी. सैबेरियाचा नातेवाईक सह्याद्रीच्या पायथ्याशी कसा आला? एक तर्क असा निघाला की हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर बसून गोचिडी आल्या असाव्यात. तो पडताळायला सालिम अली आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशातून १९५९ पासून पक्ष्यांना कडी घालायचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पुढे त्यात अमेरिकी लष्कराचा पैसा आला आणि जैविक युद्धाची चाचणी चालली आहे का, असा गदारोळ संसदेपर्यंत गेला. पक्ष्यांनी रोग आणला हे काही सिद्ध झालं नाही. मात्र भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल आपल्याला आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं या फसलेल्या तर्काची देणगी आहे. विज्ञानात असे फायदे हिशेबात धरायची पद्धत नाही, ती असायला हवी.

खरा वाहक जंगलातच होता. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची गोचीड. आपल्या गुरांच्या कानाशी चिकटलेली टपोरी गोचीड डोळ्यांसमोर आणू नका. माणसाला चावते ती तिची मधली, अर्धवट वाढीची अवस्था, मोहरीहूनही लहान, कपड्यावर चढली तरी दिसायची नाही. अळी, मधली अवस्था आणि प्रौढ, अशा तीन टप्प्यांत गोचीड प्रत्येक टप्प्याला एकदाच रक्त पिते. अळीने चिचुंद्री, उंदीर किंवा माकड यांच्या रक्तातून विषाणू घेतला तर तो तिने कात टाकल्यावरही शरीरात राहतो आणि पुढच्या टप्प्यात दुसऱ्याला मिळतो. गोचीड रक्त पचवते तेही सावकाश, आपल्या पेशींच्या आत घेऊन. आतड्याच्या पोकळीत पाचकरसांचा मारा नसतो, त्यामुळे विषाणूचं आवरण सुखरूप राहतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जंगलातला पाचोळा चुरचुरीत वाळलेला असतो. त्यावर उघडा पडलेला आवरणवाला विषाणू टिकणार नाही. गोचिडीच्या पोटात तो महिनोन्‌महिने टिकतो.

लाल तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाचे वानर, दोघांनाही हा रोग होतो आणि दोघेही मरतात. माकड मेलं की अंग गार होतं आणि त्याच्यावरच्या गोचिडी उतरून पाचोळ्यात पसरतात. मेलेल्या माकडाभोवतीची जागा त्यामुळे काही आठवडे धोक्याची. तिथे कीटकनाशक भुकटी मारतात, माकड जाळतात, आणि गावकऱ्यांना सांगतात की त्या बाजूला फिरकू नका. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही. विषाणूच्या दृष्टीने माणूस ही आडवाट आहे. तिथून पुढे रस्ता नाही.

आणि गुरं? गुरांच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही, त्यांना रोगही होत नाही. म्हणून सुरुवातीला त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पीतज्वरावर काम केलेल्या होर्हे बोशेल या कोलंबियाच्या संशोधकाने १९६०च्या दशकात ते वेधलं. प्रौढ गोचिडीला मोठं जनावर लागतं. पूर्वी दाट जंगलात अशी जनावरं विरळ होती. गावं वाढली, जंगलाच्या कडेने शेती आली, गुरं चरायला आत जाऊ लागली आणि गोचिडींना भरल्या पोटाने अंडी घालायची सोय झाली. विषाणू बहुधा तिथे आधीपासून होता. गोचिडींची संख्या वाढवली ती आपण. मला हे स्पष्टीकरण पुष्कळ पटतं. १९८२-८३च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी भागात जंगल तोडून काजू लावायला घेतला तेव्हा आलेली साथ सर्वांत मोठी ठरली. रुग्ण दीड हजारांवर गेले.

पन्नासहून जास्त वर्षं हा रोग कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांपुरताच मानला जाई. २०१२ पासून तो बंदीपूरला, निलगिरीत, वायनाडला दिसला. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात, आणि २०१६ साली त्याला लागून असलेल्या सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यात. पुढच्या हंगामात सावंतवाडी तालुक्यातही. नकाशा उघडला तर ही सगळी ठिकाणं घाटाच्या एका रेषेवर येतात आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी तोडलेल्या जंगलाच्या जागी काजू, रबर नाही तर सुपारी उभी आहे.

काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या मधल्या अवस्थेचा हंगाम एकच. डिसेंबर ते मे. बोंडू पिकून खाली पडतात आणि बिया पातेऱ्यातून वाकून, हाताने चाचपून वेचाव्या लागतात. हे काम बहुतांशी बायका करतात. त्याच दिवसांत गोठ्यासाठी, भाजावळीसाठी पातेरा भरून घराजवळ आणायचा असतो, जळण तोडायचं असतं. चावा जाणवत नाही. तीन ते आठ दिवसांनी अचानक कडक ताप, डोकं फुटेल अशी वेदना, कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघणं. काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात. ताप गेला म्हणून माणूस उठतो, कामाला लागतो, आणि काहींना आठ-पंधरा दिवसांनी तो पुन्हा गाठतो, या वेळी मेंदूवर परिणाम घेऊन. दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात तीन ते पाच. खास औषध नाही; सलाईन, रक्तस्रावावर लक्ष आणि विश्रांती. सुरुवातीला डेंग्यू समजून किंवा लेप्टोस्पायरोसिस समजून उपचार होतात, म्हणून ‘रानात गेला होतात का, माकड मेलेलं दिसलं का’ हे विचारणारा डॉक्टर या भागात लाखमोलाचा.

हा विषाणू प्रयोगशाळेतही माणसांना सोडत नाही. पुण्यात काम करताना अनेकांना लागण झाली. पुढे या संस्थेच्या संचालक झालेल्या डॉ. खोर्शेद पावरी यांनी रुग्णांच्या लक्षणांचा बारकाईने अभ्यास मांडला. आजही माकडतापावर लिहिणाऱ्याला त्यांचं लेखन टाळून पुढे जाता येत नाही.

लस होती. १९५७ साली मिळालेलाच विषाणू कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवून फॉर्मेलिनने मारायचा, अशी ती जुन्या पद्धतीची लस कर्नाटकाने १९९० पासून वापरली, पुढे गोव्यात आणि सिंधुदुर्गातही पोचली. मारलेल्या विषाणूच्या आवरणावरची प्रथिनं जितकी मूळ आकारात राहतील तितकी लस चांगली. फॉर्मेलिन त्यांना थोडं तरी वेडंवाकडं करतंच. कर्नाटकातल्या २००५ ते २०१० च्या पाहणीत दोन डोस घेतलेल्यांना सुमारे ६२ टक्के संरक्षण मिळालं, वर्धक डोस घेतल्यावर ८३ टक्के. म्हणजे एका महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा-नऊ महिन्यांनी तिसरा आणि पुढे दरवर्षी एकेक, तेही दुखणारं इंजेक्शन. रोजंदारी बुडवून तिसऱ्या डोसला येणारे कमीच. गुणकारकता घटत गेली आणि शेवटी कर्नाटकाने ही लस थांबवली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नव्या लशीचं काम हाती घेतलं आहे.

तोवर आरोग्यसेविका हंगामाच्या तोंडावर वाडीवाडीत जाऊन गोचीड लागू न देणारं डेपा तेल वाटतात. ते रानात जाण्याआधी हातापायांना चोळायचं, विजारीची टोकं मोज्यात खोचायची, जमिनीवर बसायचं नाही, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून साबण लावून आंघोळ करायची. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचं. बऱ्याचदा माणसाला ताप येण्याआधीच माकड मरतं.